आमचे पी.टी.चे सर आणि रिकामी राहिलेली जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या सातारा आवृत्तीत आतल्या पानावर चार ओळींची निधनवार्ता होती. वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक अल्पशा आजाराने गेले, त्यांच्या मार्गदर्शनाखाली खो-खोचे संघ विभागस्तरापर्यंत पोचले, पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार. बातमीत चूक काही नाही. पण सरांच्या हाताखालून गेलेल्या ज्या पोरापोरींनी जन्मात पदक पाहिलं नाही, ती आम्ही सगळी त्या चार ओळींत कुठेच नव्हतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, मात्र शाळेतल्या रिकाम्या जागेबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा.

सरांचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. माझंही छापू नये. मी सरकारी आरोग्य खात्यात आरोग्यसेविका आहे आणि वाईच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवर माझी रोजची फिरती असते.

सर मूळचे माण तालुक्यातले. तिकडे पावसाची काय तऱ्हा असते ते आपल्या वाचकांना सांगायला नको. शाळेला जायला एसटी नाही, म्हणून पळत जायचे. ते पळणंच पुढे पोटापाण्याला आलं. सातारा स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून अमरावती, असा प्रवास करून त्यांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेतलं. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेली ही संस्था. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथलं पथक जर्मनीला गेलं आणि त्यांनी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, ही हकिगत सर दर वर्षी नव्या आठवीला सांगायचे. मातीतल्या पोरांनी परक्या मुलखात मातीतला खेळ खेळून दाखवला, असं म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. आम्हाला बर्लिन कुठं आहे ते माहीत नव्हतं. सरांनी नकाशा आणून दाखवला, तोही भूगोलाच्या तासाला नव्हे, मैदानावर, फक्कीच्या डब्यावर टेकवून.

तर असा हा दुष्काळी मुलखातला माणूस नोकरीसाठी कृष्णेच्या काठी आला आणि डोंगर-पाण्याच्या प्रेमात पडला. पोहायला ते इथेच शिकले, वयाच्या पंचविशीनंतर. आमच्यापेक्षा थोरल्या पिढीतली माणसं सांगतात की हे नवे मास्तर पाठीला पत्र्याचा डबा बांधून, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहून वाईच्या घाटावर उड्या मारायचे. शिकणाऱ्याला लाज कसली, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनी गावातल्या विहिरीवर आमच्या कितीतरी तुकड्या तशाच डबा बांधून तयार केल्या. पूर आलेल्या नदीत उतरायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा आणि तोच शेवटचा. जुलै-ऑगस्टात कृष्णा गढूळ होऊन घाटाच्या पायऱ्या चढू लागली की ते काठावर नेऊन आम्हाला पाणी नुसतं बघायला लावायचे. लाकडाचा ओंडका किती वेगानं जातो, भोवरा कुठं पडतो, मधेच कुठं उलटं पाणी येतं. अर्धा तास नुसतं बघायचं. पाण्याची भीती घालून ती टिकत नाही, पाणी ओळखीचं झालं की माणूस आपोआप जपून वागतो, असं ते म्हणत.

त्यांचा तास कसा असायचा ते जरा सविस्तर लिहिते, कारण आजच्या शिक्षकांना त्यातून काही घेता येईल असं मला मनापासून वाटतं. साठ पोरांच्या वर्गाला एक चेंडू दिला तर दहा खेळतात आणि पन्नास बघतात, हे त्यांना अजिबात खपायचं नाही. म्हणून ते सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन एकट्यानं फक्की मारून मैदानाचे तुकडे पाडून ठेवायचे. एकीकडे खो-खो, एकीकडे लंगडी, कुंपणाच्या कडेला आट्यापाट्या. खो-खोचं मैदान लहान करून, खांबांतलं अंतर कमी करून, ते दमाला कमी असलेल्या मुलांनाही पळतीत ठेवायचे. हुलकावणी द्यायला फुफ्फुसं नाही, डोकं लागतं, हे त्यांचं वाक्य. मल्लखांबही होता, पुरलेला आणि दोरीचा दोन्ही. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावायचं काम आळीपाळीनं सगळ्यांना, आणि दोरीवर मुलींना आधी संधी. लेझीम पंधरा ऑगस्टपुरती नव्हती. श्रावणातल्या पावसात मैदान चिखल झालं की व्हरांड्यात लेझीम चालायची आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी तक्रार करायला यायचे.

एक गोष्ट मी आज आरोग्यसेविका म्हणून सांगते. आमच्या शाळेत मुलींना खेळायचं नसेल त्या दिवशी कारण विचारायची पद्धत नव्हती. जिला नको वाटेल तिनं सरळ जाऊन फक्कीचा डबा उचलायचा. पुसट झालेल्या रेषा पुन्हा मारायच्या, नाहीतर गुण लिहायच्या फळ्यापाशी बसायचं. सर तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. नव्वदीच्या दशकात, खेड्यातल्या शाळेत, एका पुरुष शिक्षकानं ही सोय कुणालाही न सांगता, कुठलाही शब्द न उच्चारता करून ठेवली होती. आम्हाला त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली. आज शाळांमध्ये मासिक पाळीच्या व्यवस्थापनावर मी स्वतः सत्रं घेते, तक्ते लावते, पुस्तिका वाटते. ते सगळं गरजेचं आहेच. पण त्या फक्कीच्या डब्याइतकी साधी आणि पोरीचा मान राखणारी व्यवस्था मला अजून कुठे दिसलेली नाही.

नववीत असताना मला धाप लागायची. घरी म्हणायचे, अंगचोर आहे. सरांनी एक दिवस मैदानाच्या कडेला बोलावून डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, बरोबर देऊन मला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हे वहिनींनी माझ्या आईला घरी येऊन समजावलं. आज किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला निळी गोळी देण्याचा कार्यक्रम आहे आणि तो मीच राबवते. शाळेत गोळ्या देताना मी मुलींना विचारते, शेवटचं पळालात कधी? पुष्कळ जणी हसतात. धाप लागते हे कळायला आधी पळावं तर लागतं ना. खेळाचा तासच नसेल तर कुठल्या मुलीला दम लागतोय हे बघणार कोण?

आता गडांबद्दल. सरांचा जीव खरा तिथे होता. वाईच्या भोवती डोंगरांची कमी नाही. पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड, रायरेश्वराचं पठार. आम्ही या डोंगरांच्या सावलीत वाढलो, पण वर गेलेलो नव्हतो. गुराख्यांची पोरं जायची, बाया लाकडाला जायच्या, सहलीला म्हणून कुणी जात नसे. सरांनी पहिल्यांदा मुलींनाही न्यायचं म्हटलं तेव्हा गावात बैठक बसली. माझे वडील म्हणाले, “पोरींना डोंगर कशाला दाखवताय मास्तर? रोज लाकडं आणाय जात्यातच की.” सर म्हणाले, “ओझं घेऊन जातात दादा. एकदा मोकळ्या हातानं जाऊ द्या.” वडील गप्प बसले. वहिनी बरोबर येणार, अंधार पडायच्या आत मुली घरी पोचणार, या बोलीवर परवानगी मिळाली, आणि सरांनी ती बोली एकदाही मोडली नाही.

पायात घालायला बूट कुणाकडे नव्हते. पाचगणीला निवासी शाळा पुष्कळ. वर्षाच्या शेवटी तिथली मुलं चांगले बूट टाकून जातात, हे सरांना कुणीतरी सांगितलं. ते सायकल एसटीच्या टपावर टाकून वर गेले, शाळाशाळांतून बूट मागून आणले आणि उतारानं सायकलवरून पसरणीचा घाट उतरून आले. एका पत्र्याच्या ट्रंकेत ते बूट असायचे. तळव्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे, वरून कडुनिंबाचा पाला. गडाच्या आदल्या दिवशी ट्रंक उघडायची आणि जो तो आपल्या मापाचा जोड शोधायचा. डावा उजवा वेगळ्या रंगाचा असला तरी चालायचं. नाड्या मात्र सर स्वतः तपासायचे, एकेकाच्या पायाशी उकिडवे बसून. मास्तर आपल्या पायाशी बसलेत हे बघून पहिल्या वेळी मला रडू आलं होतं.

चालण्याची रीत ठरलेली होती. सगळ्यात हळू चालणारा पुढे, त्याच्या चालीनं सगळी रांग, आणि सर सगळ्यात मागे. पुढे पळत जाऊन वर पोचल्याची शेखी मिरवायला वावच नव्हता. आमच्या वर्गात पोलिओनं पाय अधू झालेला एक मुलगा होता. कमळगडाला तो रांगेच्या तोंडाशी होता आणि आख्खा वर्ग त्याच्या मागून चालला. वेळ लागला. पण करवंदीच्या जाळ्या, माकडांचा कळप, धनगराच्या वाड्यावरचं ताक, हे सगळं आम्हाला मिळालं ते त्या सावकाश चालीमुळेच.

कमळगडावर तट नाही, बुरूज नाही. जे आहे ते जमिनीच्या पोटात आहे. कातळाच्या अरुंद चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि आपण गेरूच्या विहिरीत जातो. कावेची विहीर म्हणतात तिला. वर ऊन मी म्हणत असतं आणि दहा-पंधरा पायऱ्या उतरलं की अंगावर काटा येतो इतका गारवा. दोन्ही भिंती लालभडक. सरांनी आम्हाला पाच-पाच जणांना खाली नेलं, बॅटरी विझवली आणि सांगितलं, आता भिंतीला हात लावा. दगड ओलसर, थंड आणि साबणासारखा बुळबुळीत लागला. वर आलो तेव्हा सगळ्यांचे तळवे लाल, आणि कुणी कुणी ते एकमेकांच्या गालाला पुसलेले. मग तिथेच सावलीत बसवून सर सांगू लागले: हा सगळा डोंगर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा आहे, म्हणून सह्याद्रीला अशा आडव्या पट्ट्या दिसतात; दोन कठीण थरांच्या मधे असा मऊ लाल थर सापडतो; आणि पाणी मुरतं कुठं, झरा फुटतो कुठं, हे या थरांवरून ओळखायचं. आमच्या गावचा झरा त्याच उंचीला का आहे, हे मला तेव्हा कळलं. घरी गेल्यावर फ्रॉकवरच्या लाल हातांच्या ठशांवरून आईनं रागावून घेतलं. ते डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत.

सरांची शिस्त कडक होती आणि त्या शिस्तीमागे कारण असायचं. अत्तर, पावडर, वासाचं तेल लावून यायचं नाही, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर करायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. टाक्यातलं पाणी वस्त्रगाळ करून आणि उकळून. दगडावर हात ठेवण्याआधी काठी टेकवायची, कारण आपल्याकडे फुरसं फार. वैराटगडाच्या वाटेवर एका मुलाला टाचेला फुरसं चावलं तेव्हा ही सगळी शिस्त कामाला आली. सरांनी त्याला बसवलं, चालू दिलं नाही. जखमेवर कापाकापी नाही, तोंडानं ओढणं नाही, दोरीनं आवळणं नाही. पायाला काठी लावून गमछानं सैलसर बांधली, दोन लाठ्या आणि दोन सदरे घेऊन झोळी केली आणि चार-चार मुलांनी आळीपाळीनं त्याला व्याजवाडीत उतरवलं. गावातली म्हातारी माणसं आधी देवळात न्या म्हणत होती. सरांनी हात जोडले, म्हणाले, देवाला मी नंतर येतो. दुधाच्या टेम्पोतून वाईचं सरकारी रुग्णालय गाठलं, प्रतिविष मिळालं, पोरगा वाचला. आज आम्ही आशाताईंना सर्पदंशाच्या प्रशिक्षणात जे शिकवतो ते नेमकं हेच आहे.

2021 च्या जुलैत आमच्या खोऱ्यावर जे ओढवलं ते आपल्या दैनिकानं त्या वेळी छापलं होतं. देवरुखवाडीवर दरड आली, जोर-जांभळीकडचे रस्ते, साकव, शेतं वाहून गेली. मला औषधांची पिशवी घेऊन डोंगराच्या अंगानं चालत जावं लागलं. त्या चालण्यात मला कुणी सोबत दिली असेल तर सरांच्या शिकवणीनं. भेगाळलेल्या उताराखालून जायचं नाही, ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर वर काहीतरी अडलं आहे असं समजून मागे फिरायचं, झाडं तिरकी झालेली दिसली की वाट बदलायची. हे मला कुठल्या सरकारी प्रशिक्षणात मिळालेलं नव्हतं. ते मिळालं होतं शाळेतल्या पावसाळी फेऱ्यांत. त्या दिवसांत सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी ते वाईत धान्याची पोती मोजत, कुठल्या वाडीला कुठल्या पायवाटेनं जाता येईल हे मदत घेऊन आलेल्या पोरांना कागदावर काढून देत होते.

निवृत्तीनंतर त्यांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या. एक म्हणजे वणवा. फेब्रुवारी-मार्चात आपल्याकडचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं, या समजुतीनं माणसंच काडी लावतात. सर होळीच्या आधी वाडी-वाडीला जाऊन बसायचे. भाषण नाही करायचे. म्हातारीला विचारायचे, पूर्वी इथं हिरडा किती होता, आता किती आहे? मग ती म्हातारीच पोरांना बोलायची. आग लागलीच तर निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन माजी विद्यार्थ्यांची फळी वर जायची आणि वनरक्षकांच्या हाताखाली आग झोडपायची. दुसरी गोष्ट म्हणजे आमची शाळा, आणि त्याबद्दलच मला मुख्य लिहायचं आहे.

सर निवृत्त झाले त्यानंतर त्यांच्या जागी पूर्ण वेळ क्रीडाशिक्षक आजतागायत आलेला नाही. पटसंख्या, संचमान्यता (म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), रिक्त पद, पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ), असे शब्द पालक सभेत ऐकू येतात. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास आहे. तो गणिताला किंवा इंग्रजीला जातो. ही काही एका शाळेची कथा नाही, माझ्या फिरतीत अनेक शाळांत हेच दिसतं. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात माणूसच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे, पण सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक तिथे अंशकालीन धरला आहे, आणि तोही शंभरावर पट असलेल्या शाळेलाच. डोंगरातल्या शाळांचा पट शंभर होणार कसा? म्हणजे ज्या मुलांच्या दाराशी गड आहेत, नदी आहे, त्यांनाच ते शिकवायला माणूस मिळणार नाही. तासिकेच्या हिशेबानं मानधन घेणारा तरुण सकाळी लवकर येऊन फक्की मारेल, बूट गोळा करेल, पोरीची पापणी ओढून बघेल, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची?

आपल्या जिल्ह्याला तरी हे पटायला हवं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या. त्याही आधी खो-खो खेळायच्या, आणि आपल्या तालुक्यातली म्हणून सरांनी त्या दिवशी वाईत पेढे वाटले होते. फलटणच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियोत तिरंदाजी करून आला, साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्यांचे सत्कार होतात, फलक लागतात, ते व्हायलाच हवेत. पण सर म्हणायचे, एक ललिता पळते तेव्हा तिच्या मागे पळालेल्या हजार पोरी असतात, त्यांचं काय झालं ते बघायला कुणी येत नाही. त्यांना पदकाचा राग नव्हता. त्यांचं लक्ष मागे राहिलेल्यांकडे असायचं, आणि गडाच्या वाटेवरच नव्हे, सगळीकडेच.

सहलींचंही तेच. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते, पोटची पोरं गेलेल्यांचं दुःख मी समजू शकते. पण नियमांचा परिणाम असा झाला आहे की शाळा गड-किल्ल्यांचं नावच काढत नाहीत. सहल वॉटर पार्कला जाते, कारण तिथे जबाबदारी दुसऱ्याची असते. मुलं मोठी झाली की मित्रांबरोबर मोटारसायकलवरून धबधब्यावर जातात, शेवाळलेल्या दगडावर मोबाईल धरून उभी राहतात, आणि मग आमच्या रुग्णवाहिकेला फोन येतो. पाणी आणि कडा ओळखायला शिकवणारा माणूस शाळेत असता तर यातले काही फोन आलेच नसते, हे मी अनुभवानं लिहिते आहे. सरांचे नियम सरकारी परिपत्रकापेक्षा कडक होते आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांनी आमच्यासारख्या शेकडो मुलांना वर नेऊन सुखरूप खाली आणलं.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत शारीरिक शिक्षणाच्या पूर्ण वेळ शिक्षकांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत आणि किती वर्षांपासून रिकाम्या आहेत, याची तालुकावार माहिती आपण माहितीच्या अधिकारात मागवून छापावी. आमच्यासारख्या नोकरदारांना ती मागताना अडचण येते, वर्तमानपत्राला येणार नाही. शिक्षणाधिकारी साहेबांनी आणि आमदारांनी त्यावर काय ते उत्तर द्यावं. डोंगरी भागातल्या शाळांना पटसंख्येची अट शिथिल करून, निदान तीन-चार शाळांना मिळून एक पूर्ण वेळ क्रीडाशिक्षक देता येईल का, एवढं तरी तपासावं. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन बसलेली मुलं-मुली आमच्या तालुक्यात आहेत, त्यातली काही सरांचीच विद्यार्थी आहेत आणि आज दुकानात, पतपेढीत कामाला आहेत.

दरम्यान, सरांचं वणव्याचं काम आम्ही माजी विद्यार्थी चालू ठेवणार आहोत. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी वनखात्याच्या परवानगीनं आमच्या गावामागच्या डोंगरावर जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायची आहे. सकाळी सहाला वाईच्या गणपती घाटावर जमायचं, तिथून टेम्पोची सोय आहे. येताना विळा, हातमोजे, दुपारची भाकरी आणि माणशी दोन लिटर पाणी आणावं. बूट नसतील त्यांनी आदल्या संध्याकाळी शाळेत येऊन ट्रंकेतले घेऊन जावेत. अत्तर किंवा सेंट लावून येऊ नये, कड्यावर मोहोळं आहेत.

आपली,
एक आरोग्यसेविका
वाई, जि. सातारा